नांगरावरचा संसार

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. यजमान मर्चंट नेव्हीतून निवृत्त होतायत. चाळीस फुटांच्या आसपासची जुनी शिडाची बोट घेऊन पूर्व कॅरिबियनमध्ये, ग्रेनाडा ते अँटिगा या बेटांत, दोन-तीन वर्षं राहायचा त्यांचा विचार आहे. तुम्हाला पोहता येतं, पण बोटीतलं काही कळत नाही आणि बोट लागते. पाणी, वीज, स्वयंपाक, वादळं, पैसा यांचं कसं होतं आणि हे आपल्याला झेपेल का, हे तुम्हाला हवंय. आम्ही नवरा-बायको याच बेटांत बोटीवर राहतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ग्रेनाडापासून अँटिगापर्यंतचं सगळं अंतर सुमारे तीनशे सागरी मैल. बेटं अशी ओळीने आहेत की स्वच्छ हवेत बहुतेक ठिकाणी एका बेटावरून पुढचं दिसतं. सेंट लुशियाच्या रॉडनी बेमधून मार्टिनिकचं दक्षिण टोक वीस-पंचवीस मैल, म्हणजे पहाटे निघालात तर जेवायला पलीकडे. मग तिथे आठवडा, पंधरवडा, कधी महिना मुक्काम. वर्षाचे बहुतेक दिवस बोट नांगरावर उभी असते आणि संसार होतो तो तिथे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेमुळे आपल्याकडे अनेकांना शिडाच्या बोटीची ओढ लागली, मलाही लागली. पण ती बोट अखंड चालण्यासाठी होती, तुमची उभी राहण्यासाठी हवी. म्हणून नवी शिडं आणि मोठाले स्क्रीन घेण्याआधी नांगर, साखळी, सावली, सौर पॅनल आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी फुगवायची होडी, यांवर पैसे घाला. मोनोहल (एका तळाची बोट) की कॅटामरान (जोडतळाची) हा वाद लोक तासन्‌तास घालतात. तुमच्या बजेटमध्ये चांगली मोनोहल येईल, तेवढ्यावर तो सोडून द्या.

आता नांगर. बारा मीटरच्या बोटीला पंचवीस ते तीस किलोचा, वाळूत टोक खुपसून खोल जाणारा नव्या धाटणीचा नांगर हवा, आणि दहा मिलिमीटरची किमान साठ मीटर साखळी. ही साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते, तेव्हा विजेवर चालणारं विंडलास, म्हणजे साखळी ओढून घेणारं चक्र, असलंच पाहिजे. किती साखळी सोडायची याचा हिशोब सोपा आहे: पाण्याची खोली अधिक पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, उंची, आणि याच्या किमान पाचपट. पाच मीटर पाणी आणि एक मीटर नाळ मिळून सहा, म्हणजे तीस मीटर साखळी. रात्री वारा चढणार असेल तर सातपट, म्हणजे बेचाळीस. भरती-ओहोटीचा फरक इथे अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, मुंबईसारखा चार-चार मीटर नाही, त्यामुळे रात्रीतून खोली बदलण्याची चिंता नसते.

टाकायचा कसा, तेही सांगते. नाळ वाऱ्यावर धरून बोट पूर्ण थांबवायची. पाण्याच्या रंगावरून वाळू शोधायची: फिकट निळसर-हिरवा पट्टा म्हणजे वाळू, गडद डाग म्हणजे समुद्रगवत किंवा प्रवाळ. गवतात नांगर नीट धरत नाही, आणि प्रवाळावर टाकला तर वर्षानुवर्षांची वाढ एका ओढीत मोडते, म्हणून तिथे कधीच नाही. नांगर तळाला टेकला की वाऱ्याने बोट मागे सरकू द्यायची आणि तिच्या वेगाने साखळी सोडत जायची. एका जागी ढीग झाला तर साखळी नांगरालाच गुरफटते. सगळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अगदी मंद, मग जोर वाढवत. त्या वेळी पायाचा तळवा ताणलेल्या साखळीवर अलगद टेकवा. नांगर घसटत असेल तर खडखड थेट पायात जाणवते. रुतला असेल तर साखळी ताठ होते आणि शांत राहते. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खांब एका रेषेत धरून दोन-तीन मिनिटं बघत राहा. रेषा मोडली नाही म्हणजे बोट जागेवर आहे. मग साखळीला नायलॉनचा जाड दोर, म्हणजे स्नबर, बांधा, म्हणजे लाटेचे हिसके दोर झेलतो आणि रात्रभर साखळीचा आवाज केबिनमध्ये येत नाही.

यानंतर मी नेहमी मास्क लावून पाण्यात उतरते आणि नांगर डोळ्यांनी बघते. पातं पूर्ण वाळूत गेलेलं आणि वर दांड्याचा थोडासा भाग दिसतोय, असं बघितलं की त्या रात्री झोप लागते. तुम्हाला पोहता येतं, हे इथे फार मोलाचं आहे. हे काम तुमच्याकडे घ्या.

व्यापारी वारे इथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात, साधारण पंधरा ते वीस नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. म्हणून नांगरावरची बोट नेहमी पूर्वेकडे तोंड करून उभी असते, आणि घरातल्या बऱ्याच गोष्टी यावरून ठरतात. पुढचं हॅच, म्हणजे छतातली झडप, उघडलं की वारा सरळ झोपायच्या केबिनमध्ये शिरतो, एसी लागत नाही. पण कॉकपिट, म्हणजे बाहेर बसायची उघडी जागा, मागे, पश्चिमेला असतं, आणि दुपारी तीननंतरचं ऊन थेट तिथे येतं. डोक्यावर छत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, मागच्या बाजूने खाली सोडता येईल असा कापडी पडदा शिवून घ्या. सौर पॅनल बहुधा मागच्या कमानीवर असतात, आणि सकाळी सूर्य समोर असल्यामुळे डोलकाठीची सावली नेमकी त्यांच्यावर पडते. पॅनलच्या छोट्याशा भागावर सावली आली तरी वीज बरीच घटते. म्हणून प्रत्येक पॅनलला वेगळा कंट्रोलर लावणं शहाणपणाचं.

विजेचा अंदाज द्यायचा तर दोघांच्या बोटीला दिवसाला बारा व्होल्टच्या हिशोबाने दीडशे अँपिअर-अवर धरा. त्यातला मोठा वाटा फ्रिज खातो. पाचशे ते सहाशे वॅटचे पॅनल आणि तीनशे अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर चांगल्या उन्हात इंजिन न चालवता भागतं. ढगाळ आठवडा आला की हात आखडता घ्यायचा. जुन्या बोटीत लिथियम बसवताना अल्टरनेटरचं चार्जिंग बदलावं लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

पाण्याचं गणित वेगळं. सवय झाली की दोन माणसांना गोडं पाणी दिवसाला तीस लिटर पुरतं. आंघोळ समुद्रात, शेवटी अंगावर दोन लिटर गोडं पाणी. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्याने विसळायची. पण हे फक्त स्वच्छ, उघड्या खाडीत, गर्दीच्या बंदरात नाही. पावसात छतावरून पाणी धरता येतं. बहुतेक लोक समुद्राचं पाणी गोडं करणारं वॉटरमेकर बसवतात, आणि ते घेतलंत तर त्याचे दोन नियम पाळाच. बंदरात, जिथे पाण्यावर तेलाचा तवंग असतो, तिथे ते चालवायचं नाही. आणि वापर नसेल तर दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचं. त्या पाण्यात क्लोरीन असेल तर मेम्ब्रेन, म्हणजे त्यातला मीठ गाळणारा पडदा, कायमचं खराब होतं, म्हणून वाटेत कार्बन फिल्टर लागतो. धक्क्यावरच्या नळाचं पाणी थेट सोडू नका.

आता स्वयंपाक, ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटतेय आणि जो मला सर्वांत आवडतो.

भारतातून एक गोष्ट न विसरता आणा: पाच लिटरचा चांगला कुकर, आणि त्याच्या दोन-तीन जास्तीच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह. गॅस वाचतो, केबिन तापत नाही, आणि झाकण घट्ट बंद असल्यामुळे बोट कलली तरी उकळती डाळ अंगावर येत नाही. शेगडी दोन्ही बाजूंना झुलणारी असते, ती हलण्यातच सुरक्षित असते, म्हणून चालत्या बोटीत तिला अडकवून ठेवू नका. गॅसच्या टाक्यांची जोडणी इंग्रजी भाषिक बेटांवर एक आणि मार्टिनिक-ग्वाडेलूपमध्ये दुसरी, तेव्हा दोन्ही प्रकारचे अ‍ॅडॉप्टर जवळ हवेत.

डाळ-तांदळाचा पुठ्ठ्याचा खोका बोटीत आणायचा नाही. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, आणि एकदा झुरळ बोटीत शिरलं की महिनोन्‌महिने जात नाही. सगळं धक्क्यावरच काढायचं आणि हवाबंद डब्यांत भरायचं. हरभरा आणि छोले इथे सगळीकडे मिळतात. तूर डाळ, हिंग, मोहरी यांचा साठा त्रिनिदादला गेलात तर करून ठेवा. तिथे १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, आले, त्यामुळे बाजारात जिऱ्याला ‘गीरा’ आणि हरभऱ्याला ‘चन्ना’च म्हणतात. ग्रेनाडातही १८५७ मध्ये भारतीय मजुरांचं पहिलं जहाज लागलं, आणि आज तिथे कुठल्याही नाक्यावर रोटी मिळते. आत बटाटा, हरभरा, चिकन भरलेली, जाडजूड, दुपारच्या जेवणाला पुरेल अशी.

भाजी बाजारात मात्र तुम्हाला आपलं कोकण भेटेल. निरफणस इथलं रोजचं अन्न आहे. विल्यम ब्लाय यांनी १७९३ मध्ये त्याची रोपं पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंटला आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून, आणि आज त्याशिवाय या बेटांचं पान हलत नाही. इथले लोक तो अख्खा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजतात. साल सोलली की आत पिवळसर, पावासारखा मऊ गर निघतो. मी त्याचे काप करते, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून, आणि शेजारच्या बोटीवरच्यांना ते माशांइतके आवडतात. अळूची पानं ‘कॅलालू’ नावाने जुडीने मिळतात आणि त्यांचं नारळाच्या दुधातलं सूप करतात. ग्रेनाडाच्या ‘ऑइल डाउन’मध्ये निरफणस, अळू, खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध एका मोठ्या पातेल्यात थरावर थर लावून शिजवतात, आणि त्यात हळद असते. विकणाऱ्या बाईंना त्या घरी कसं करतात ते विचारा. दर शनिवारी त्यांच्याकडून भाजी घेतलीत की दोन महिन्यांत त्यांच्या घरचं बोलावणं येतं, माझा तरी असाच अनुभव आहे.

माशांबाबत एक सावधानी. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत, विशेषतः बॅराकुडात, सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि चवीला कळत नाही. अँटिगाच्या बाजूला हा धोका जास्त. खोल समुद्रातले टुना, माही-माही बिनधास्त खा. किनाऱ्याजवळच्या माशाचं स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय काही करू नका. आणखी एक, काही समुद्रकिनाऱ्यांवर मँचिनीलचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारख्या फळांचं. फळ विषारी, चीक अंगावर फोड आणतो, पावसात त्याखाली उभं राहिलं तरी कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

डिंगी म्हणजे तुमची स्कूटर. बाजार, कस्टम्स, शेजाऱ्यांकडे जाणं, सगळं तिच्यावर. पीव्हीसीची घेऊ नका, इथल्या उन्हात ती चिकट होऊन फाटते, हायपालॉन या रबरी कापडाची घ्या. इंजिनाची दोरी ओढून ते सुरू करता येईल एवढी ताकद आणि सराव तुम्हाला हवा. ओढायला जड जात असेल तर कमी ताकदीचं इंजिन घ्या, पण स्वतः चालवा. किल कॉर्ड, म्हणजे पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला किंवा मांडीला लावल्याशिवाय दहा मीटरही जायचं नाही. माणूस पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर रिकामी डिंगी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. रात्री ती पाण्यात न ठेवता उचलून बोटीला टांगायची आणि साखळीने कुलूप लावायचं, कारण इथे चोरी होते ती मुख्यतः डिंगी आणि तिच्या इंजिनाची. डॉमिनिकात पोर्ट्समथला स्थानिक नावाड्यांची ‘पेज’ नावाची संघटना आहे. ते खाडीत गस्त घालतात, बोट बांधायला मूरिंग, म्हणजे तळाशी पक्का केलेला तरंगता बोया, देतात, नदीत फिरवतात. त्यांच्याकडूनच कामं करून घ्या, पैसे गावात राहतात आणि तुम्हीही निर्धास्त.

प्रवासाचा दिवस फार लिहिण्यासारखा नाही, पण बोट लागते म्हणालात म्हणून सांगते. बेटांच्या पश्चिमेला, डोंगरांच्या आडोशाला समुद्र सपाट असतो. त्रास होतो तो दोन बेटांमधल्या खिंडीत, जिथे अटलांटिकची लाट आणि वारा अडथळ्याशिवाय येतात आणि प्रवाह तुम्हाला पश्चिमेला ढकलतो. बेटाच्या टोकाला वारा अचानक पाच-दहा नॉटने वाढतो, म्हणून टोक येण्याआधीच शीड लहान करायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा नाताळच्या वाऱ्यांचा काळ, तेव्हा पंचवीस-तीस नॉट आठवडाभर टिकू शकतात. थांबायचं, घाई करायची नाही. उलटीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. सिनॅरिझिन घ्यायची तर निघायच्या आधी, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. चालत्या बोटीत खाली जाऊन स्वयंपाक करायचा नाही. पोळीचे रोल आदल्या रात्री करून ठेवा आणि क्षितिजाकडे बघत बाहेर बसा. टोबॅगो केजसारख्या प्रवाळांनी वेढलेल्या जागी मात्र पहाटे पोहोचू नका. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच पाण्याचा रंग वाचता येतो. तपकिरी दिसलं की उथळ प्रवाळ.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. या काळात बहुतेक विमा कंपन्या ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला राहायला सांगतात, म्हणून लोक ग्रेनाडा किंवा त्रिनिदादला जातात. पण ग्रेनाडा सुरक्षित, असं डोळे मिटून धरू नका. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन तिथे आदळलं, आणि १ जुलै २०२४ ला बेरील चौथ्या श्रेणीचं वादळ म्हणून ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आलं. कॅरियाकूच्या टायरेल बेमधली खारफुटीची खाडी वादळात आसरा म्हणून प्रसिद्ध होती. तिथे आश्रयाला गेलेल्या कित्येक बोटी एकमेकींवर आदळून मोडल्या. माझं ठाम मत असं की पहिली दोन वर्षं तरी जूनमध्ये बोट त्रिनिदादला जमिनीवर काढा, पट्ट्यांनी जमिनीला बांधून घ्या, शिडं उतरवा, आणि आपल्या घरी या. पाऊस, गणपती, आई-वडिलांना वेळ, सगळं होतं, आणि रोज वादळाच्या नकाशाकडे बघत बसावं लागत नाही.

पैसे. वीस-पंचवीस वर्षं जुनी, धडधाकट मोनोहल साठ हजार ते एक लाख डॉलरच्या मधे मिळू शकते. त्यावर पहिल्या वर्षी वीस-तीस टक्के दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, आणि पुढे दरवर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के हा जुना ढोबळ नियम खरा ठरतो. दोघांचं राहणं, खाणं, इंधन, शुल्कं धरून महिन्याला दोन ते अडीच हजार डॉलर, तेही मरिनात, म्हणजे बोटींच्या भाड्याच्या धक्क्यावर, न राहता नांगरावर राहिलात तर. विमा आणि विमानप्रवास वेगळे. भारतातून पैसे नेताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि ठरावीक रकमेपुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. सीएंना आधी भेटा. सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, केल्याशिवाय बोट घेऊ नका, आणि सर्व्हेअर विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

व्हिसाचं आमच्यासारख्यांना वेगळं लक्ष ठेवावं लागतं. डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंटमध्ये भारतीय पासपोर्टवर ठरावीक मुदतीसाठी व्हिसाशिवाय येता येतं. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सचे भाग असले तरी शेंगेनमध्ये नाहीत, तेव्हा नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही. त्या बेटांसाठीचा फ्रेंच व्हिसा मुंबईहूनच काढून या. निघण्यापूर्वी प्रत्येक देशाचा नियम त्याच्या अधिकृत पानावर तपासा. बेट बदललं की पिवळा झेंडा लावायचा, कप्तानाने कागद घेऊन उतरायचं, बाकीच्यांनी क्लिअरन्स होईपर्यंत बोटीवरच थांबायचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, झेपेल का. यजमानांना समुद्र कळतो, यात शंका नाही. पण मोठ्या जहाजावर नांगर टाकायला वेगळी माणसं असतात, आणि लहान बोट वाऱ्याने कशी सरकते हे त्यांनाही नव्यानेच शिकायचंय. त्या बाबतीत तुम्ही दोघं बरोबरीने सुरुवात करताय. तुम्ही पाहुणी म्हणून आलात तर चार महिन्यांत कंटाळाल, आणि ते आजारी पडले किंवा पाण्यात पडले तर बोटीवर काही करू शकणारं कुणीच उरणार नाही. म्हणून इंजिन चालू-बंद करणं, शीड गुंडाळणं, व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर मदत मागणं, आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगणं, ही चार कामं निघण्याआधी तुम्हाला एकटीने आली पाहिजेत. मुंबईत कुलाब्याला आणि पलीकडे अलिबागजवळच्या मांडव्याला शिडाच्या बोटीचं शिक्षण मिळतं. दोघांनी मिळून शिका, पण परीक्षा वेगवेगळ्या द्या. नवऱ्याकडून शिकू नका, हे मी प्रत्येकीला सांगते. तिऱ्हाइताकडून शिकलं की प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात.

आणि बोट घेण्याआधी, पुढच्या मार्च-एप्रिलात, वारे जरा निवळलेले असतात तेव्हा, ग्रेनाडा किंवा सेंट लुशियातून दोन आठवडे बोट भाड्याने घ्या. पहिले दोन-तीन दिवस कप्तान बरोबर ठेवा, मग त्याला उतरवा. मरिनात एकही रात्र काढू नका. सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेकीया बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये सलग पाच दिवस नांगरावर राहा: पाणी मोजून वापरा, बाजार डिंगीने करा, कुकर लावा, रात्री वारा वाढला की उठून नांगर बघा. नाळेवर तुम्ही, सुकाणूवर ते, आणि दुसऱ्या दिवशी उलट. पाचव्या दिवशी तुम्हाला काय वाटतं ते मला कळवा. बोट कोणती घ्यायची याबद्दल मग बोलू.